दिवा लुकलुकत नाही, बघा

अक्काच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड नव्हता. अक्काच्या हातातही नव्हता. खोट मी करून दिली होती, ती मला माहीत होती, आणि तरीही तिच्या सासरच्या सोप्यात, घरच्या माणसांसमोर, मी ती तिच्या अंगावर ढकलली. यंदाच्या नागपंचमीपर्यंत हे मी एकाही माणसाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळ नाही, दुकानात नाही. आई जायच्या आधी एकदा तोंडापर्यंत आलं होतं, तेही गिळलं.

लोक मला अबोल म्हणतात. गरीब स्वभावाचा म्हणतात. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. स्वभाव कसला आलाय? तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल हे ज्याला ठाऊक आहे, तो तोंड मिटूनच बसणार.

अक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. बारावी झाल्यावर ती एसटीनं साताऱ्याला टायपिंगच्या क्लासला जायची. घरी टाइपरायटर कुठला? तिनं एका पुठ्ठ्यावर निळ्या शाईनं कळा आखल्या होत्या. भाकरी झाल्या की चुलीपाशीच बसून त्या पुठ्ठ्यावर बोटं चालवायची आणि मला शेजारी बसवून घ्यायची. "न बघता मार. बघितलंस तर बोटावर उलातनं मारीन," म्हणायची, आणि मारायचीही. पुढं मी कॉम्प्युटरच्या धंद्यात पडलो. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत, कीबोर्डकडं मान न वळवता मराठी टाइप करून दाखवायचो. लोक वा म्हणायचे. ती बोटं अक्कानं घडवलेली होती. हेही मी कुणाला कधी सांगितलं नाही.

तिचं लग्न शिराळ्याकडच्या एका गावात झालं. नवरा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर येणार. घरात सासू, धाकटा दीर, जाऊ. म्हशी, भात, थोडा ऊस. मी तोवर सांगलीत दुकान टाकलं होतं. सुटे भाग आणायचे, कॉम्प्युटर जुळवून विकायचे, बिघडले की दुरुस्त करायचे.

आता धंद्यातली एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कॉम्प्युटरला काम करायला जागा लागते. ती जागा म्हणजे मेमरी, रॅम. तेव्हा ती महाग होती, म्हणून मशीनमध्ये बेतानंच घालायचो. तीन-चार प्रोग्राम एकदम उघडले की ती संपायची. पण मशीन चालवणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिच्याकडं यावर उपाय होता. आपण जनावरापुढं गव्हाणीत आत्तापुरती वैरण टाकतो आणि बाकीची बाहेर गंजीला ठेवतो, तसा. आत्ता लागणारं रॅममध्ये ठेवायचं, न लागणारं हार्ड डिस्कवर नेऊन टाकायचं, लागलं की परत आत आणायचं. प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याला वाटतं आपल्यापुढं जागाच जागा आहे. याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात.

ही ने-आण सुरू झाली की मात्र डिस्क करकरायची, डब्याच्या तोंडावरचा लाल दिवा लुकलुकायचा आणि मशीन जरा संथ व्हायचं. आणि आमच्याकडं कॉम्प्युटर घ्यायला कुणी एकटा येत नसे. बरोबर गावातला एक कळणारा असायचा. बहुतेक वेळा रिटायर फौजी, नाहीतर विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग भरणारा. तो डब्याला कान लावायचा. खरंच लावायचा, इंजिनाला लावतात तसा. "करकर करतंय रं हे. बेरिंग गेलंय," तो म्हणाला की सौदा मोडला.

म्हणून मी एक युक्ती काढली. मीच काढली, कुणी शिकवली नाही. सेटिंगमध्ये जायचं आणि व्हर्च्युअल मेमरी बंद करून टाकायची. एक टिक काढली की झालं. गंजीच मोडून टाकली. डिस्क गप्प, दिवा शांत. दुकानात एखादाच प्रोग्राम उघडून दाखवला की फटकन उघडायचा. "दिवा लुकलुकत नाही, बघा," मी म्हणायचो. कळणारा मान डोलवायचा. थोड्याच दिवसांत समोरचा दुकानदारही तेच करायला लागला, त्याचं बघून पलीकडचा, आणि आमच्या रस्त्याला ती रीतच पडली.

जास्त काम काढलं की ही मशीनं आडवी होणार, हे मला ठाऊक होतं. पण मी म्हटलं, खेड्यातला माणूस कॉम्प्युटरवर करून करून काय करणार? गाणी ऐकणार, फोटो बघणार. स्वतः डोंगरातून आलेला मी, आणि हा माझा विचार. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अक्काला मशीन दिलं तेही तसंच दिलं. सवयीनं. हे बहिणीचं आहे, इतकंही मनात आलं नाही.

अक्काला ते मशीन कसं लागू पडलं! लग्नपत्रिका, बारशाच्या चिठ्ठ्या, दुकानाच्या पाट्यांचा मजकूर, सगळं ती करायला लागली. सांगलीतल्या एका छापखानेवाल्याशी मीच गाठ घालून दिली होती. त्यानं तिचं काम बघितलं आणि म्हणाला, "बाईंचा हात लय स्वच्छ आहे. कानामात्रा चुकत नाही." त्यानं तिला एका शाळेच्या स्मरणिकेचं काम दिलं. लेख, जुने फोटो, जाहिराती, सगळी पानं तिनं लावायची. हे नीट उतरलं तर छापखान्याचं मराठी काम कायम तिच्याकडं.

तिनं मला फोन केला तेव्हा आवाज वेगळाच होता. "सासूबाई म्हणल्या, ह्ये काम पुरं झालं की गोठ्यातल्या शेणाला बाई लावू, तू तुजं टायपिंगच बघ. ऐकतुयास का? मी टायपिंग शिकल्याचं कायतरी झालं म्हणायचं की रं."

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. "मशीन मधीच बंद पडतंय. म्हंजी मशीन न्हाई, पानं लावायचा प्रोग्रामच बंद पडतुया."

"सेव्ह करत जा."

"सेव्ह करतानाच पडतंय रं! आन् मग ती फाइल उघडत न्हाई. चार पानं गेली, परत केली, परत गेली."

मी गेलो. कॉम्प्युटर सोप्यातच होता, वर क्रोशाचं झाकण. दीर पलीकडं तंबाखू मळत बसलेला. हा दीर गावच्या दूध डेअरीच्या कमिटीवर होता, आणि डेअरीला कॉम्प्युटर घ्यायचे होते, आणि ते माझ्याकडून घ्यावेत असं त्याच्या मनात होतं. सासू उंबऱ्यात. जाऊ भिंतीला टेकून. अक्कानं पानांचा प्रोग्राम उघडला, फोटोचा उघडला, मराठी फॉन्टचा उघडला. जुने फोटो पानात घ्यायला लागली. आणि स्क्रीनवर निरोप आला. इंग्रजीत, चौकटीत. अमुक ठिकाणची मेमरी वाचता आली नाही, प्रोग्राम बंद करावा लागेल.

तो वाचला आणि मला सगळं कळलं. शंका वगैरे नाही, लख्ख कळलं. प्रोग्रामनं जागा मागितली. जागा नव्हती, कारण गंजी मी मोडली होती. तो जागा मिळालीच असं धरून पुढं गेला आणि नको तिथं पाय टाकला. आता प्रत्येक प्रोग्रामला सिस्टिमनं आपापलं रान आखून दिलेलं असतं. बांध ओलांडला की ती त्याला जागच्या जागी बंद करते, म्हणजे शेजारच्यांचं नुकसान होत नाही. मेमरी प्रोटेक्शन म्हणतात त्याला. त्या वेळी दुकानाच्या माडीवर मी क्लासही घ्यायचो, आणि पोरांना हे मी फळ्यावर काढून शिकवायचो. म्हणजे सिस्टिमनं तिचं काम चोख केलं होतं. अक्कानं तिचं चोख केलं होतं. त्या सोप्यात खोटा असा मी एकटाच होतो.

"काय पाव्हणं," दीर म्हणाला, "मशीन बिघडलंय का आमची वयनी?"

जाऊ पदर तोंडाला लावून हसली.

अक्का म्हणाली, "माजं काय चुकतंय त्ये तरी सांग. तू सांगितलंस तसंच करते मी सगळं."

ती काढलेली टिक परत करायची होती, मशीन बंद करून चालू करायचं होतं. पण दीर स्क्रीनकडं टक लावून बसला होता. "काय केलंसा? काय बदाललं?" असं त्यानं विचारलंच असतं. आणि मग मला म्हणावं लागलं असतं की मीच हे बंद करून विकतो. डेअरीला देणार तेही असंच.

मी म्हणालो, "मशीन एकदम बरोबर आहे. हात बसला पाहिजे, अक्का. तू एका टायमाला चार-चार गोष्टी उघडतेस. मशीन बावचळतं."

"आवं वयनी!" दिरानं मांडीवर थाप मारली. "मशीनला म्हस समजता व्हय? चारी सड एकदम पिळाय गेला तर लाथच मारंल की!"

सगळा सोपा हसला. मीही हसलो. ते हसू मी विसरू शकत नाही, कारण ते जबरदस्तीचं नव्हतं. मला खरंच हायसं वाटलं होतं.

अक्का हसली नाही. तिनं हात पुढं धरले आणि उलटसुलट करून बघितले. जणू त्यांना काही लागलंय.

मी स्वतःशी म्हटलं, दीर घरात नसेल तेव्हा येऊन टिक करून जाऊ. गेलो नाही. दुकानात गर्दी होती, डेअरीची मशीनं जुळवायची होती. ती फोन करत राहिली आणि मी तेच ते सांगत राहिलो. "एका वेळी एकच उघड. घाई करू नको. शांतपणे कर." शांतपणे कर! कुणाला सांगत होतो मी हे? छापखानेवाल्याची तारीख उलटली. त्यानं काम काढून दुसऱ्याला दिलं. मला म्हणाला, "तुमच्या बहिणीची भाषा चांगली आहे हो, पण मशीन काय जमलं नाही त्यांना." मी म्हणालो, "हो, जरा अवघड जातं तिला."

हे मी म्हणालो. माझ्या तोंडानं.

पुढं डेअरीच्या जीपमधून तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून दुकानात परत आला. दिरानं निरोप दिला होता, घरात धूळ खातोय, कुणाला तरी द्या. मी चालू केला, टिक केली, पुन्हा चालू केला. अक्काची उरलेली पानं उघडली, फोटो उघडले, सगळं एकदम उघडलं. दिवा लुकलुकला, डिस्क करकरली, आणि सगळं चाललं. एका फोटो स्टुडिओवाल्यानं ते मशीन नेलं. पुढं कित्येक वर्षं चालवलं त्यानं. भेटला की म्हणायचा, "तेवढं एक मशीन झकास दिलं बघा तुम्ही." डेअरीचीही मशीनं मी टिक करूनच पाठवली. म्हणजे मला येत होतं. परक्यांसाठी येत होतं.

आमच्या धंद्यात काहीही बंद पडलं की आधी वापरणाऱ्याकडं बोट दाखवायचं. काय दाबलं? कशाला हात लावला? आणि गिऱ्हाईक बाई असली तर विचारायचीही गरज नाही, तीच चुकली असणार. आम्ही चहाच्या गाड्यावर यावर विनोद करायचो. त्या विनोदांच्या खाली आमच्या हातून झालेली किती घाण दबून गेली असेल! मी काही एकटा नव्हतो, असं म्हणून मला सुटता येत नाही. बाकीच्यांच्या बहिणी नव्हत्या त्या. माझी होती.

अक्का गोठ्यात परत गेली. शेणाला बाई लावली गेली नाही.

आता यंदाचं. आमच्याकडं पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपवास धरतात. भावाला काही होऊ नये म्हणून. अक्कानं एकही वर्ष चुकवलेलं नाही. मी दर पंचमीला जायचो, ती मला लाह्या आणि पुरणाची दिंडं वाढायची, मी खाऊन यायचो. उपवासाच्या दिवशी मात्र कधी गेलो नव्हतो. पंचमीला शिराळ्याच्या रस्त्याला दर वर्षी गर्दीत अडकायचो, म्हणून यंदा आदल्या दिवशीच गेलो.

तोच सोपा. दीर आता पिकलाय, पण जीभ तीच. सासू खाटेवर पडून. अक्काचा मुलगा पुण्याला नोकरीला, तो सकाळी गावातून निघाला होता. अक्कानं कनवटीचा मोबाइल काढला आणि दिरापुढं धरला. "पोचलास का म्हणून तेवढं लिवा त्येला."

मी म्हणालो, "अक्का, तूच लिही की."

"नगं बाबा. माजा हात लागला की बिघडतंय. तुला ठावं हायच की."

टोमणा नव्हता तो. हेच मला सहन झालं नाही. ती खरंच तसं मानत होती. न बघता मराठी टाइप करणारी माझी बहीण पोराला 'पोचलास का' एवढं लिहायला घाबरत होती.

दीर खूश झाला. "त्येच्यावर पाव्हण्यांचा शिक्का हाय वयनी! काय म्हणलं हुतं पाव्हणं?" आणि त्यानं माझा आवाज काढला, नाकातला, सांगलीचा. "हात बसला पाहिजे, अक्का!"

म्हणजे एवढी वर्षं हे त्या घरात चाललं होतं. भाकरी करपली, हात बसला पाहिजे. दूध उतू गेलं, हात बसला पाहिजे. माझं वाक्य.

अक्का वैरण टाकायला मागं गेली. मी तिच्यामागून गोठ्यात गेलो आणि सांगितलं. नीट सांगता आलं नाही. टिक, दिवा, डेअरी, सगळं उलटंसुलटं. ती पेंढी सोडत ऐकत होती.

"कवा कळलं तुला?"

"त्याच दिवशी. निरोप आला तेव्हाच."

"तवाच?"

"हो."

"आन् नीट कराय किती येळ लागला असता?"

"दोन मिनिटं."

तिनं पेंढी खाली ठेवली. "मी भाकरी थापताना बोटं बघायची रं माजी. वाटायचं, ह्यातच कायतरी हाय. सासूबाईंनी अंगारा लावला हुता बोटास्नी, म्हाईत हाय तुला? तुज्यापरीस त्या बऱ्या. त्यास्नी वाटलं पोरीला कायतरी झालंय, त्यांनी आपल्या परीनं उपाय केला. तुला ठावं हुतं मला काय झालं न्हाई. आन् तू हसलास."

"अक्का, चुकलं माझं."

ती स्वयंपाकघरात गेली. घरच्यांसाठी केलेल्या भाकरीतली एक घेतली, चटणी घेतली, आणि मागच्या दारात माझ्यासमोर बसून खायला लागली. घास सावकाश चावत, माझ्याकडं बघत.

जाऊ आतून आली. "आवं जाऊबाई, आज भावाचा उपास न्हवं तुमचा?"

"हुता," अक्का म्हणाली.

जाऊ गोंधळून आत गेली. अक्कानं भाकरी संपवली, हात धुतला. "मला एकटीला गोठ्यात येऊन सांगतुयास व्हय? तवा कुटं बोलला हुतास? सोप्यात. समद्यांच्या म्होरं. जा मग, तितंच बोल. दीर हायत, जाऊबाई हाय. सासूबाई पडल्यात, पर कान शाबूत हायत त्यांचं अजून. मी हितनंच ऐकते."

मी सोप्यात गेलो. दारातच उभा राहिलो. सासूनं मान वळवून बघितलं. दीर म्हणाला, "काय पाव्हणं, तोंड का उतारलंय? च्या टाकाय सांगू?"

मी म्हणालो, "सांगा."

चहा प्यालो आणि सांगलीला आलो. पन्नाशी उलटलेला माणूस मी. मागच्या दारात अक्का ऐकत उभी होती, तिला तेवढंच ऐकू आलं: सांगा.

त्याला महिना झाला. अक्काचा फोन नाही. मीही केलेला नाही.

त्या सोप्यात, त्याच माणसांसमोर, सासूचे कान आहेत तोवर, मला बोलायचं आहे की मशीन मी बिघडवून दिलं होतं, ते मला तेव्हाच माहीत होतं, आणि अक्काचा हात बरोबर होता. सांगलीतल्या छापखानेवाल्यालाही जाऊन हेच सांगायचं आहे. एवढं देणं माझ्यावर आहे. त्यातलं काहीही मी अजून फेडलेलं नाही.